जुनी केबिन, नवी केबिन: पिकअप बदलण्यापूर्वी तुलना कशी करावी

पिकअप बदलायची ठरली की मालक आधी पेलोड, म्हणजे गाडी किती वजन वाहते ते, विचारतो, मग हौद्याची लांबी, मग ॲव्हरेज आणि शेवटी हप्ता. केबिनकडे लक्ष जाते ते थेट शोरूममध्ये, विक्रेता दार उघडून नवा स्क्रीन, दोन रंगांतला डॅशबोर्ड आणि प्लास्टिक न काढलेल्या सीटा दाखवू लागतो तेव्हा. आणि तोवर बुकिंगचा चेक बहुधा खिशात असतो. नवी मुंबईत तुर्भ्याच्या बाजार समितीतून पहाटे भाजी उचलून ठाण्यात कळवा, कोपरी, पाचपाखाडीपर्यंत पोचवणाऱ्या गाडीचा चालक दिवसाचे नऊ-दहा तास ज्या जागेत काढतो, ती जागा अशा रीतीने दहा मिनिटांत पसंत होते. माझ्या दोन पिकअप याच मार्गावर चालतात. त्यांपैकी पहिली बदलताना झालेल्या चुका आणि दुसरी बदलताना त्यांतून बसलेली पद्धत येथे मांडत आहे. या पद्धतीत नव्या गाडीचे माहितीपत्रक सर्वांत शेवटी उघडायचे असते.

सुरुवात आपल्याच जुन्या गाडीत करावी. एखाद्या रविवारी गाडी उभी असताना लोखंडी टेप, वही आणि स्वतः चालक, एवढे सोबत घ्यावे. मालकाने स्वतः बसून मापे घेण्यात अर्थ नाही, कारण दुखणार आहेत ते चालकाचे गुडघे. जमिनीपासून पायरीपर्यंतची उंची, पायरीपासून सीटच्या कडेपर्यंतची उंची, सीटच्या पाठीपासून क्लचच्या पेडलपर्यंतचे अंतर, तेही पेडल वर असताना आणि पूर्ण दाबलेले असताना असे दोनदा, स्टिअरिंगची खालची कड आणि मांडी यांच्यातील जागा, डोके आणि छत यांच्यातील जागा, आणि गिअरचा दांडा सर्वांत दूर जातो तिथे हात किती ताणावा लागतो ते अंतर, इतकी मापे पुरतात. ती चालक बसलेला असतानाच घ्यावीत आणि त्याच्या पायात रोजचीच चप्पल असावी. जुन्या सीटचा फोम वर्षानुवर्षांच्या बैठकीने दबलेला असतो, नव्याचा ताठ असतो. रिकाम्या सीटांची तुलना केली तर नवी सीट उगाचच उंच भासते, आणि पुढे ती बसली की डॅशबोर्डवरून रस्ता कमी दिसू लागतो.

मापांहूनही उपयोगी ठरते ते एक दिवस क्लीनरच्या जागेवर बसून नुसते पाहणे. मी असा एक दिवस काढला आणि चालक खाली उतरला की दर वेळी वहीत एक रेघ मारली. बाजार समितीच्या फाटकावर पावतीसाठी, गाळ्यासमोर माल लागताना, वाटेत ताडपत्रीची दोरी सैल झाली म्हणून, मग प्रत्येक दुकानासमोर. दुपारी दोनपर्यंत एकतीस रेघा झाल्या. उतरताना तो डाव्या हाताने स्टिअरिंग धरी आणि दाराच्या खालच्या कप्प्याला गुडघा लागू नये म्हणून किंचित वाकडा होऊन मग उजवा पाय पायरीवर टेकवी. ही हालचाल त्याच्या इतकी अंगवळणी पडली होती की विचारल्यावर ती त्याला आठवलीच नाही. पुढे नव्या गाडीच्या मऊ, खोलगट सीटवर त्याला बसवले तेव्हा तो दोनदा चढला, दोनदा उतरला आणि म्हणाला, “शेठ, बसायला बरी आहे, पण उठवत नाही.” दोन्ही बाजूंना उंच कडा असलेली सीट लांब पल्ल्याला कमरेला आधार देते, दिवसातून तीस-चाळीस वेळा उतरणाऱ्याच्या मांडीला तीच कड घासते. गाडी कळंबोलीहून लोखंड घेऊन नाशिकला जाणारी आहे की वागळे इस्टेटच्या गाळ्यांतून खोकी गोळा करणारी आहे, यावर सीट चांगली की वाईट हे ठरते, आणि हे विक्रेत्याला ठाऊक नसते.

आता या वर्गातील केबिनमध्ये गेल्या काही वर्षांत काय बदलले ते पाहू, म्हणजे शोरूममध्ये कुठे हात लावायचा ते कळेल. टाटाने मे 2019 मध्ये इन्ट्रा आणली तेव्हा गिअरचा दांडा तळावर न ठेवता डॅशबोर्डवर बसवला. त्यामुळे मधली जागा मोकळी राहिली आणि चालकाला आतल्या आत डाव्या दाराकडे सरकता येऊ लागले. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला गाडी उभी करणाऱ्याला उजवीकडून येणाऱ्या वाहनांच्या तोंडी न उतरता डावीकडून उतरता येणे किती मोलाचे आहे, ते वेगळे सांगायला नको. महिंद्राच्या एप्रिल 2023 मधील बोलेरो मॅक्स पिकअपच्या श्रेणीत चालकाच्या सीटची उंची कमी-जास्त करण्याची सोय, चालक आणि आणखी दोघांच्या बैठकीची मान्यता, आणि गाडीचा ठावठिकाणा मालकाच्या मोबाइलवर दाखवणारी आयमॅक्स ही प्रणाली आली. मात्र एकाच नावाच्या गाडीच्या निरनिराळ्या प्रकारांत सोयी निरनिराळ्या असतात. म्हणून नावावर न जाता ज्या प्रकाराचे दरपत्रक हाती आहे, नेमक्या त्याच प्रकारात बसून पाहावे.

तिघांच्या बैठकीचा मुद्दा बारकाईने तपासण्यासारखा आहे. जुन्या पिकअपमध्ये दोघांचीच मान्यता असली तरी मधल्या जागेत हमालाला बसवण्याचा रिवाज सर्वत्र आहे. बसण्याची क्षमता आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, नोंदलेली असते, आणि तिच्याहून अधिक माणूस बसलेला असताना अपघात झाला तर त्याच्या भरपाईवरून विमा कंपनीशी वाद उभा राहतो. नव्या गाडीत मान्यता आहे एवढ्यावर समाधान मानू नये; तीन अंगापिंडाने भरलेली माणसे प्रत्यक्ष बसवावीत, मधल्याला स्वतंत्र पट्टा आहे का ते पाहावे, आणि दांडा तळावर असेल तर दुसरा गिअर टाकून पाहावा, कारण दांडा डावीकडे जाऊन मागे येतो तो त्याच गिअरला आणि मधल्याच्या गुडघ्यावर आपटतो तोही तेव्हाच.

धुराच्या जुन्या मानकाच्या, म्हणजे बीएस-4, पिकअपमधून थेट नव्या डिझेल गाडीत येणाऱ्या चालकाला सर्वांत परकी वाटते ती स्टिअरिंगमागची दिव्यांची पाटी. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झाल्यावर तिच्यावर पूर्वी नसलेले इशारे आले. त्यांतला एक नीट समजून घ्यावा. धुरातील काजळी अडवणारी गाळणी, जिला गॅरेजमध्ये सगळे डीपीएफ म्हणतात, भरत आली की तिच्यातली काजळी गाडी स्वतःहून जाळून टाकते; पण त्यासाठी धूर पुरेसा तापावा लागतो, आणि तो तापतो गाडी बराच वेळ सलग चालली तर. कोपरी ते नौपाडा अशा तुटक फेऱ्यांत, जिथे दर दहा मिनिटांनी इंजिन बंद होते, ते घडत नाही आणि दिवा लागतो. पहिल्यांदा दिवा लागताच पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे गाडी मोकळ्या रस्त्यावर काही वेळ एकसारख्या वेगाने चालवली तर बहुधा भागते. दुर्लक्ष केले तर गाडी आपली ताकद स्वतःच कमी करते आणि वर्कशॉप गाठावे लागते. माझ्या पहिल्या नव्या गाडीत हा दिवा स्टिअरिंगच्या आऱ्याआड जात असे. चालक उंचीने कमी, त्याने सीट पुढे ओढलेली, आणि मी शोरूममध्ये स्वतः बसून सगळे दिवे दिसतात असे ठरवून मोकळा झालो होतो. दोन दिवस गाडी उभी राहिली, तेव्हा कारण कळले. म्हणून किल्ली अर्धी फिरवून सगळे दिवे एकदम लागतात त्या क्षणी चालकाने आपल्या सवयीच्या बैठकीतून ते मोजावेत, आणि दुसऱ्याने डोके हलवत पाहून तेवढेच आहेत का याची खात्री करावी.

एसीबद्दल एक गैरसमज ऐकू येतो की आता कायद्यानेच तो प्रत्येक मालवाहू गाडीत आला आहे. 2025 मध्ये बंधन आले ते एकूण वजन 3.5 टनांहून अधिक असलेल्या, म्हणजे एन-2 आणि एन-3 वर्गांतील ट्रकच्या केबिनना. बहुतेक पिकअप त्याखालच्या एन-1 वर्गात मोडतात, त्यामुळे तिथे एसी हा प्रकारानुसार आणि किमतीनुसार मिळतो. आपल्याकडे त्याचे खरे काम उन्हाळ्याइतकेच पावसाळ्यात आहे. भिजलेली माणसे आणि ओली पोती केबिनमध्ये आली की हवेतली वाफ थंड काचेवर आतून धरते आणि समोरचे दिसेनासे होते. जुन्या गाडीत काच दोन बोटे खाली करायची, एका हाताने फडके फिरवायचे आणि बाहेरून तंबाखू चोळायची, असे चालायचे. एसीची कोरडी हवा ती वाफ काही क्षणांत उडवते, मात्र ती काचेकडे वळवणारी फट पुरेशी रुंद असली पाहिजे. शोरूममध्ये हे पाहण्याचा सोपा उपाय म्हणजे सगळ्या काचा बंद करून तिघांनी आत बसावे, आतून काचेवर जोराने फुंकर घालून ती धुरकट करावी आणि बटण दाबून घड्याळ पाहावे. विक्रेता हसतो, हसू द्यावे.

स्क्रीनवर मी फार वेळ घालवत नाही. तो उन्हात दिसतो का आणि ओल्या बोटाला दाद देतो का, एवढे बघितले की पुरे. त्यापेक्षा कागद कुठे राहणार हे पाहावे, कारण सरकारी कागद मोबाइलमध्ये दाखवता येत असले तरी मालाची बिल्टी, वजनकाट्यावर मिळणारी काटा पावती आणि दुकानदाराची सही असलेली चलने अजून कागदावरच आहेत, आणि भाड्याचे पैसे त्यांवरच मिळतात. जुन्या केबिनचा डॅशबोर्ड सपाट होता, त्यावर सगळे पडून राही. नव्यांचे डॅशबोर्ड दिसायला देखणे पण उतरते, आणि ब्रेक लागला की कागद घसरत जाऊन काच आणि डॅशबोर्ड यांच्यामधल्या फटीत शिरतो. घरून एक भरलेले पावतीपुस्तक, चार सुटे कागद, पाण्याची बाटली आणि जेवणाचा डबा न्यावा आणि प्रत्येकाला जागा मिळते का ते ठेवूनच पाहावे. कप्प्याला कुलूप नसेल तर रोकड कुठे ठेवायची, हे चालकालाच विचारावे; त्याने उत्तर देण्याआधी इकडेतिकडे पाहिले तर जागा नाही असे समजावे.

दृष्टीच्या बाबतीत नव्या केबिन सरसकट चांगल्या नाहीत. समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब मजबुतीसाठी जाड झाले आहेत आणि बॉनेट उंच झाले आहे. वीस लिटरचा रिकामा कॅन डाव्या पुढच्या कोपऱ्यापाशी ठेवावा आणि चालकाला तो दिसेपर्यंत एकेक पाऊल पुढे सरकवत न्यावा. किती पावलांवर दिसला ते मोजून तोच प्रयोग घरी जुन्या गाडीवर करावा. ज्यांना वागळे इस्टेटच्या गल्ल्यांत हातगाड्या आणि दुचाक्यांमधून गाडी मागे घ्यायची असते, त्यांच्यासाठी एका पावलाचाही फरक मोठा असतो. फिकट रंगाच्या डॅशबोर्डचे प्रतिबिंब दुपारी काचेवर पडते, हे शोरूमच्या छताखाली कधीच कळत नाही. गाडी उन्हात काढायला लावावी.

टेस्ट ड्राइव्हला मिळणारी गाडी रिकामी असते आणि रिकामी पिकअप उसळते, त्यामुळे सीटची खरी परीक्षा होत नाही. जमल्यास हौद्यात आपल्या नेहमीच्या मालाइतके वजन टाकून घोडबंदर रस्त्याने गायमुखचा घाट चढून यावे, आणि त्याच दिवशी, तितक्याच वजनाने, जुनी गाडी तिथे न्यावी. घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला केबिनमध्ये बोलणे ऐकू येते का, क्लच दाबून चढावावर थांबताना गुडघा कितपत वर येतो, इंजिन सीटखाली असलेल्या गाडीत परत येईस्तोवर मांडीला ऊब लागते का, हे तिथेच समजते. तशा गाडीत रोज ऑइल पाहण्यासाठी सीट उचलावी लागते. तिची खिट्टी चालकाने स्वतः दोन-तीनदा उघडून बंद करावी.

इतके झाल्यावर वहीची दोन पाने समोरासमोर ठेवावीत आणि प्रत्येक उणिवेपुढे एवढेच लिहावे की ती नंतर बाजारातून भरून निघते की नाही. मोबाइलचा स्टँड, रबरी मॅट, सीटकव्हर, कागदांसाठी क्लिप, हे सगळे ठाण्याच्या कोणत्याही ॲक्सेसरीच्या दुकानात मिळते, म्हणून त्यांच्यापायी गाडी नाकारू नये. पेडलची जागा, सीट मागे-पुढे सरकण्याची मर्यादा, दार उघडते ती रुंदी आणि खांबाची जाडी बदलता येत नाही, आणि गाडीच्या मूळ रचनेत परवानगीवाचून फेरफार केल्यास पासिंगला अडचण येते. माझ्या दुसऱ्या गाडीच्या वेळी मी चांगला स्क्रीन असलेला प्रकार सोडला आणि उंची बदलणाऱ्या सीटचा घेतला. चालकाने पहिल्याच दिवशी ती दोन खाचा वर घेतली, ती आजवर तिथेच आहे.

निवडलेल्या प्रकारातील प्रत्येक सोय दरपत्रकावर लेखी घ्यावी आणि गाडी ताब्यात घेताना त्या कागदावर बोट ठेवून एकेक पाहावी. आरसी हाती आली की नंबर नवी मुंबईच्या एमएच-43 चा असो की ठाण्याच्या एमएच-04 चा, बसण्याच्या क्षमतेचा आकडा आधी वाचावा. जुनी गाडी देऊन टाकण्यापूर्वी तिच्या डॅशबोर्डच्या फटीत लांब पट्टी घालून सगळे बाहेर काढावे. माझ्या गाडीतून दोन नाणी, एक कंगवा आणि 2021 ची एक काटा पावती निघाली. ती सापडत नाही म्हणून त्या फेरीचे भाडे मी तेव्हा सोडून दिले होते.