इंदूरच्या गच्चीवर बर्फाचा अभ्यास

"हिमालयातल्या बर्फावर काम करायचंय, पण इंदूरला राहून शिकणार कसं?" असं मला रामबागेतली मुलं विचारतात. मी याच वाड्यांमधली. माझी सुरुवात आमच्या गच्चीवर झाली.

जिथे माणूस महिनोन्महिने फिरकत नाही, तिथे बर्फाची जाडी बहुतेक वेळा आवाजाने मोजतात. खांबावरचा सेन्सर खाली ध्वनिलहरी सोडतो आणि प्रतिध्वनी किती वेळात परतला त्यावरून अंतर काढतो. मे महिन्यात मी असाच एक स्वस्तातला सेन्सर फरशीपासून दोन मीटरवर, सावलीत टांगला. पहाटे २६ अंशांना एक आकडा आला, दुपारी ४२ अंशांना तेच अंतर पाच सेंटीमीटरने कमी! फरशी तर जागची हलली नव्हती. हवा तापली की आवाज वेगाने धावतो: शून्य अंशाला सेकंदाला ३३१ मीटर, उणे २० ला ३१९. तापमानाची दुरुस्ती विसरलात तर उणे २० अंशांत दोन मीटरमागे साडेसात सेंटीमीटर बर्फ कागदावरून नाहीसा होतो. म्हणून सेन्सरइतकीच काळजी शेजारच्या थर्मामीटरची घ्या. बर्फावरून उलटलेलं ऊन त्यालाही तापवतं.

मग आईने गादीसाठी पिंजून आणलेला कापूस खाली पसरला. आकडे उड्या मारू लागले. ताजा भुसभुशीत बर्फ असाच आवाज गिळतो.

वाऱ्याचं प्रकरण याहून अवघड. जाडी वाढली ती हिमवर्षावाने की शेजारच्या उतारावरून उडून आलेल्या बर्फाने, हे जाडी मोजणारा सेन्सर सांगू शकत नाही. त्यासाठी उडत्या कणांची सावली प्रकाशझोतात मोजणारी किंवा नळीवर आपटणाऱ्या कणांचा आवाज ऐकणारी यंत्रं असतात. पर्जन्यमापकाच्या तोंडावरून तर वारा हिमकण सरळ पुढे उडवून नेतो. आणि नुसती जाडी म्हणजे पाणी नव्हे: एक मीटर ताज्या बर्फात १०० मिलिमीटर पाणी असेल, तर वाऱ्याने दाबलेल्या तेवढ्याच बर्फात ३०० च्या वर. नळीने नमुना काढून तो तोलायलाच हवा.

पुढे हिमालयात काम करताना माझी पहिली मोठी चूक या वाऱ्याबाबतच झाली. बॅटरीची पेटी मी खांबाला, वारा येतो त्या बाजूला बांधली. तिच्या आडोशाला, नेमकं सेन्सरखाली, बर्फाचा ढीग साचत गेला आणि अख्ख्या हंगामाची नोंद फुगली. ते कळलं फक्त दर तासाला फोटो काढणाऱ्या साध्या कॅमेऱ्यामुळे. आता आधी कॅमेरा लावते, मग बाकीचं.