झेरॉक्सच्या दुकानात राहिलेलं आधार

सोलापुरात नवी पेठेत झेरॉक्स काढायला गेलो. नेहमीप्रमाणे आधारची पीडीएफ दुकानाच्या व्हॉट्सॲपवर टाकली. सहज स्क्रीनकडे बघितलं, तर डाउनलोड फोल्डरमध्ये लोकांच्या आधार-पॅनची ही भली मोठी रांग! माझी गड्ड्याच्या जत्रेच्या वेळची फाइलही तिथंच. चॅटमधून मी ती तेव्हाच 'डिलीट फॉर एव्हरीवन' केली होती. पण कॉम्प्युटरवर उतरलेली प्रत त्यानं जात नाही, हे डोक्यातच आलं नव्हतं. "राहू द्या की ओ, काय होतंय," पोरगा म्हणाला. मी हललोच नाही. दोन्ही फाइली काढायला लावल्या, रिसायकल बिनमधूनसुद्धा.

घरी येऊन यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार उतरवलं. त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. आता झेरॉक्सला तेच देतो. बायोमेट्रिकही लॉक केलं, म्हणजे अंगठ्याचा ठसा चोरून कुणाला खात्यातले पैसे काढता येत नाहीत. आईचंही केलं, आणि तिला सांगायचं राहिलं. रेशन दुकानात अंगठा लागेना, बिचारी मोकळी पिशवी घेऊन परत आली. मी बोलणी खाल्ली.

मग संचार साथी या सरकारी साइटवर माझ्या नावावरची सिम तपासली. ३ निघाली. त्यातलं एक माझं नव्हतंच. लगेच तक्रार टाकली.