क्रीमी, तिखट चिकन पास्ता घरच्या घरी: सॉस न फुटता, चिकन चिवट न होता

पिंक सॉस पास्ता आता मुंबईत कॉलेजच्या कँटीनपासून खाऊगल्लीच्या गाडीपर्यंत सगळीकडे मिळतो. घरी करायला घेतला की मात्र ठरलेल्या तक्रारी येतात. सॉसमध्ये दाणे पडतात, चिकन रबरासारखं लागतं, नाहीतर तिखट घालूनही तिखटपणा जाणवत नाही. मग पुढच्या वेळी क्रीमचं अख्खं पाकीट ओतलं जातं. त्याने पास्ता जड होतो, चांगला होत नाही. या पदार्थात सगळं क्रमावर आहे: टोमॅटोचं पाणी आधी आटवायचं, दूध-क्रीम शेवटी घालायचं आणि सॉस बांधायला पास्त्याचंच पाणी वापरायचं. एवढं सांभाळलं तर चिकन मुरवण्याचा अर्धा तास सोडून ४५ मिनिटांत चार माणसांचं जेवण होतं.

काय आणि किती

चार जणांसाठी ३०० ग्रॅम पेने (नळीच्या आकाराचा पास्ता) आणि ४०० ग्रॅम बोनलेस चिकन. सॉससाठी पिकलेले लालबुंद टोमॅटो २५० ग्रॅम (मध्यम आकाराचे तीन), एक मध्यम कांदा, लसणाच्या १०-१२ पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या आणि एक सिमला मिरची. १५० मिली फ्रेश क्रीम, अर्धा कप (१२० मिली) थंड दूध, एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर, प्रोसेस्ड चीजचे दोन क्यूब. दोन मोठे चमचे तेल, एक मोठा चमचा बटर. काश्मिरी तिखट दीड छोटा चमचा, चिली फ्लेक्स एक छोटा चमचा, जाडसर कुटलेली काळी मिरी अर्धा, ओरेगॅनो एक. मीठ आणि चिमूटभर साखर.

पास्ता घेताना पाकिटाच्या मागे बघा. ‘ड्युरम व्हीट सेमोलिना’ लिहिलेलं हवं. ड्युरम गहू कडक असतो आणि त्यातल्या प्रथिनांमुळे पास्ता शिजल्यावरही आकार धरून राहतो. नुसत्या मैद्याचा स्वस्त पास्ता बाहेरून गिळगिळीत होईपर्यंत आतून कच्चाच राहतो आणि सॉसमध्ये ढवळताना तुटतो. बाहेरून रेघा असलेला पेने सगळ्यात सोयीचा, कारण सॉस रेघांना धरतो आणि नळीतही शिरतो. स्पघेटीला चिकनचे तुकडे धरून राहत नाहीत, ते ताटलीच्या तळाशी जाऊन बसतात.

चिकनवाल्याकडे नुसतं ‘बोनलेस’ मागितलं की बहुतेक वेळा ब्रेस्ट मिळतं. ‘लेग बोनलेस’ मागा. तंगडीच्या मांसात चरबी जास्त असते, त्यामुळे मिनिटभर जास्त शिजलं तरी ते कोरडं पडत नाही. ब्रेस्टच घ्यायचं असेल तर मांसाच्या धाग्यांना आडवं कापा आणि गॅसवरचा वेळ थोडा कमी करा.

क्रीमबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. किराणा दुकानात टेट्रापॅकमध्ये मिळणाऱ्या फ्रेश क्रीममध्ये साधारण २५ टक्के फॅट असतं. परदेशी रेसिपींमधल्या घट्ट क्रीममध्ये ते ३५ टक्क्यांच्या वर असतं, म्हणून ते उकळलं तरी टिकतं. आपलं क्रीम तसं टिकत नाही. ती रेसिपी जशीच्या तशी करून आपलं क्रीम पाच मिनिटं रटरटवलं की सॉस फुटलाच म्हणून समजा. घरच्या दुधाची साय वापरायची असेल तर ताजी आणि गोड घ्या, दोन चमचे दूध घालून मिक्सरवर फक्त दोन-तीन झटके द्या. जास्त फिरवली तर लोणी निघतं. दोन दिवस साठवलेली साय किंचित आंबलेली असते, ती इथे चालत नाही.

चिकन

तुकडे साधारण एक इंचाचे, शक्यतो एकसारखे करा. धुतले असतील तर स्वच्छ कपड्याने किंवा किचन टॉवेलने अगदी कोरडे टिपून घ्या. अर्धा छोटा चमचा मीठ, अर्धा छोटा चमचा काश्मिरी तिखट आणि काळी मिरी चोळून अर्धा तास झाकून फ्रिजमध्ये ठेवा. दही किंवा लिंबू लावू नका. तंदुरीला ते हवंच, पण इथे दह्याचं पाणी कढईत सुटतं, चिकन परतण्याऐवजी उकडतं आणि त्याचा आंबटपणा पुढे क्रीमला त्रास देतो.

स्टीलची जाड बुडाची किंवा ॲनोडाइज्ड कढई घ्या. लोखंडी कढईत टोमॅटो काळपटतो आणि धातूची चव येते. नॉनस्टिकमध्ये काम होतं, पण तळाशी खरवड धरत नाही आणि सॉसची निम्मी चव त्या खरवडीत असते. कढई चांगली तापली की एक चमचा तेल घालून निम्मेच तुकडे एकमेकांना न चिकटता पसरा. दोन मिनिटं हात लावू नका. खालची बाजू तपकिरी झाली की तुकडा आपणहून सुटतो. सुटत नसेल तर अजून झालेला नाही, उलथन्याने ओढू नका. उलटून दीड मिनिट, आणि काढून घ्या. मग दुसरा घाणा.

सगळं चिकन एकदम टाकलं तर कढई थंड होते, पाणी सुटतं आणि तुकडे पांढरेफटक होऊन स्वतःच्याच पाण्यात शिजत बसतात. चिकन चिवट होण्याचं हे पहिलं कारण. दुसरं म्हणजे ते सॉसमध्ये शेवटपर्यंत उकळत ठेवणं. आत्ता काढलेलं चिकन आतून थोडं कच्चं आहे, ते पुढे सॉसमध्ये पूर्ण होईल. ताटलीत जमलेला रस टाकू नका.

टोमॅटोचा मसाला

त्याच कढईत गॅस मंद करून बटर आणि उरलेलं तेल घाला. बारीक चिरलेला कांदा मऊ आणि पारदर्शक होईपर्यंत परता. लाल करायचा नाही, नाहीतर पास्त्याला ग्रेव्हीची चव येते. मग ठेचलेला लसूण आणि चिरलेल्या मिरच्या. लसणाचा वास सुटला आणि कडा जेमतेम सोनेरी झाल्या की थांबायचं. करपलेला लसूण कडू लागतो आणि क्रीमने तो कडूपणा झाकला जात नाही.

उरलेलं काश्मिरी तिखट आणि चिली फ्लेक्स याच वेळी, तेलातच घाला आणि लगेच दोन चमचे पाणी शिंपडा म्हणजे तिखट जळणार नाही. मिरचीचा जाळ फॅटमध्ये विरघळतो, पाण्यात जवळजवळ नाही. म्हणून तेलात परतलेलं तिखट सगळ्या सॉसभर पसरतं आणि वरून भुरभुरलेलं नुसतं जिभेला एखाद्या ठिकाणी लागतं. दुसरी गोष्ट, दुधातली प्रथिनं हा जाळ धरून ठेवतात आणि तिखटपणा मवाळ होतो. तेव्हा दूध-क्रीम घालण्याआधीचा मसाला चाखताना ‘जरा जास्तच झालं’ असं वाटायला हवं. तिथे तो बरोबर लागला तर ताटात मिळमिळीत लागणार.

काश्मिरी तिखट रंगासाठी असतं. जाळ हवा असेल तर हिरवी मिरची वाढवा किंवा लवंगी मिरचीची चिमूटभर पूड घाला. लालबागच्या मिरची गल्लीत या मिरच्या वेगवेगळ्या मिळतात आणि तिथेच कुटूनही देतात. मालवणी किंवा गरम मसाला मात्र या पदार्थात नको. धणे-बडीशेप-लवंगेपुढे चीज आणि क्रीमची चव उरत नाही.

आता टोमॅटोची प्युरी घाला आणि तळाची खरवड उलथन्याने सोडवून घ्या. मध्यम आचेवर आठ ते दहा मिनिटं, कडेला तेल दिसेपर्यंत आटवा. उलथनं ओढल्यावर मागे वाट मोकळी राहिली की झालं. इथे घाई करू नका, सॉस फुटण्याचं मूळ इथेच असतं. कच्च्या, पातळ टोमॅटोत दूध पडलं की त्यातल्या आम्लाने दुधातली केसीन प्रथिनं गोळा होतात, म्हणजे चक्क पनीर व्हायला लागतं. टोमॅटो आटवल्याने कच्चेपणा आणि पाणी जातं, पण आम्ल जात नाही. म्हणून पुढची काळजीही घ्यावीच लागते. साखर घातल्याने आंबटपणा जिभेला कमी जाणवतो, इतकंच. गावठी टोमॅटो फार आंबट असतील तर दोनच घ्या.

शेवटी सिमला मिरचीचे लांबट तुकडे घालून दोन मिनिटं परता. त्या थोड्या करकरीतच हव्यात.

पास्ता कधी आणि कसा

प्युरी घातली की शेजारच्या शेगडीवर अडीच लिटर पाण्याचा टोप झाकून ठेवा. खळखळ उकळी आल्यावर २० ग्रॅम मीठ घाला, म्हणजे सपाट मोठा चमचा भरून आणि वर थोडं. ऐकायला जास्त वाटतं, पण बरंचसं मीठ पाण्यातच राहतं आणि आतपर्यंत मीठ मुरण्याची पास्त्याला एवढीच संधी असते. पाण्यात तेल घालू नका. ते वर तरंगतं आणि पास्ता चिकटायचा तो चिकटतोच. पहिल्या मिनिटात दोन-तीनदा तळापासून ढवळलं की चिकटत नाही.

पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा दोन मिनिटं आधी पास्ता उतरवायचा. ११ मिनिटं लिहिली असतील तर नवव्या मिनिटाला एक पेने तोडून बघा. मधोमध बारीक पांढरा ठिपका दिसला तर हीच वेळ. त्याच्या आधी, न विसरता, दीड कप पाणी बाजूला काढा. त्या गढूळ पाण्यात पास्त्यातला स्टार्च असतो आणि तोच फॅट आणि पाणी एकत्र धरून सॉस गुळगुळीत ठेवतो. पास्ता गार पाण्याखाली धुवायचा नाही. धुतलेल्या पेनेवरून सॉस घसरतो. शक्य असेल तर चाळणीत न ओतता झाऱ्याने टोपातून थेट कढईत घ्या.

सगळं एकत्र

पास्ता तयार व्हायच्या तीन मिनिटं आधी कढईखालचा गॅस अगदी मंद करा. थंड दुधात कॉर्नफ्लोअर कालवून, पास्त्याचं गरम पाणी दोन चमचे त्यात मिसळा आणि हे मिश्रण बारीक धारेने, ढवळत ढवळत मसाल्यात सोडा. कॉर्नफ्लोअरमुळे दुधातली प्रथिनं एकमेकांना चिकटून गोळे होत नाहीत. मिनिट-दीड मिनिटात कडेला लहान बुडबुडे येतील आणि सॉस दाट होईल.

मग पास्ता, चिकन, ताटलीतला रस आणि अर्धा कप पास्त्याचं पाणी. आच किंचित वाढवून दोन मिनिटं खालीवर हलवा. सगळ्यात मोठा तुकडा कापून बघा. आत गुलाबी नको, रस स्वच्छ हवा. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर आत ७४ अंश सेल्सिअस दिसायला हवं. पुन्हा गॅस मंद, क्रीम आणि ओरेगॅनो, अर्धा मिनिट ढवळून गॅस बंद. उकळी येऊ द्यायची नाही. किसलेलं चीज बंद गॅसवर मिसळायचं. प्रोसेस्ड चीजमध्ये वितळताना तेल वेगळं होऊ न देणारी क्षारं असतात, म्हणून या सॉससाठी ते पिझ्झाच्या मोझरेलापेक्षा बरं. मोझरेलाच्या तारा सुटतात आणि गार झाल्यावर गोळा होतो.

मिठाची चव आता घ्या, आधी नाही. पास्त्याचं पाणी, बटर, चीज सगळंच खारट असतं. बहुतेक वेळा वरून मीठ लागतच नाही, चिमूटभर साखर मात्र लागू शकते.

सॉस कढईत थोडा पातळ दिसायला हवा. ताटात जाईपर्यंत पास्ता पाणी पितो आणि तो नेमका दाट होतो. कढईतच दाट दिसत असेल तर राखलेलं पाणी दोन-दोन चमचे घालून सैल करा.

फुटलाच तर

सॉसमध्ये दाणे दिसले की लगेच गॅस बंद करा. नुसतं तेल सुटलं असेल तर दोन चमचे थंड क्रीम आणि दोन चमचे पास्त्याचं पाणी घालून जोरात फेटा, बहुतेक वेळा परत एकजीव होतो. पण पनीरसारखे कण झाले असतील तर ते विरघळत नाहीत. पास्ता घालण्याआधी हे लक्षात आलं तर सॉस थोडा निववून मिक्सरमधून काढा. रंग जरा फिका होतो, खरखर जाते. गरम सॉस बंद झाकणाच्या भांड्यात फिरवू नका, वाफेने झाकण उडतं.

घरात लहान मुलं असतील तर चिली फ्लेक्स आणि हिरवी मिरची सुरुवातीला वगळा. मुलांचा वाटा काढून झाल्यावर चमचाभर बटरमध्ये चिली फ्लेक्स मंद आचेवर गरम करून मोठ्यांच्या पास्त्यात मिसळा.

सोबत लादीपाव छान लागतो. बटरमध्ये ठेचलेला लसूण आणि कोथिंबीर कालवून पावाला आतून लावायची आणि तव्यावर दाबून भाजायचं. पास्ता होतानाच भाजून ठेवा, कारण पास्ता थांबत नाही.

उरलाच तर मुंबईच्या दमट हवेत ओट्यावर ठेवू नका. दोन तासांच्या आत डब्यात भरून फ्रिजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी संपवा. गरम करताना पाव कप दूध घालून, झाकून, मंद आचेवर, मधेमधे हलवत वाफ निघेपर्यंत तापवा. ऑफिसच्या डब्यात न्यायचा विचार असेल तर तिथे फ्रिज आणि मायक्रोवेव्ह दोन्ही हवेत. सकाळी भरलेला क्रीम-चिकनचा डबा लोकलच्या गर्दीतून जाऊन दुपारी एकपर्यंत नुसत्या पिशवीत राहिला तर तो खाऊ नये.