मूल पहिल्यांदा उन्हाळी क्रीडा शिबिराला जाताना

मूल आठ-दहा दिवस एकटं राहणार म्हटलं की आपण आधी बॅगेच्या मागे लागतो. सुरुवात झोपेपासून करा. पंधरा दिवस आधी दोन रात्री मामाकडे किंवा आत्याकडे एकट्याने राहू द्या. आई शेजारी नसताना झोप लागली, की निम्मं काम झालं.

बूट नवे घ्यायचे तर तेव्हाच घ्या आणि रोज तासभर घालून पळू द्या. कोरे बूट टाच सोलतात आणि मग पोर दोन दिवस मैदानाच्या कडेला बसून राहतं.

बॅग मात्र मुलानेच भरायची. आम्ही सांगलीचे. गेल्या वर्षी साताऱ्याच्या शिबिरासाठी मुलाची बॅग मीच भरली होती. पहिल्या सकाळी त्याला टॉवेल सापडेना, कुणाला विचारायची लाज वाटली, म्हणून त्याने शर्टानेच अंग पुसलं. टॉवेल तळाशी होता. यंदा त्याने एकेका दिवसाचा टी-शर्ट, चड्डी, मोजे एकेका पिशवीत घातले. ओल्या कपड्यांची पिशवी वेगळी. वळवाच्या पावसासाठी पातळ रेनकोटही हवा.

पैसे भरण्याआधी जागेवर जाऊन या. रात्री मुलांजवळ कोण झोपतं, मुलींसाठी महिला प्रशिक्षक मुक्कामी असतात का, ऊन चढल्यावर सराव थांबतो का, हे विचाराच. भर दुपारी पळवणार असतील तर दुसरं शिबिर बघा. औषधं कधी आणि किती द्यायची, ते कागदावर लिहून प्रशिक्षकांच्या हातात द्या.

साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला, १७ व्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली. तिचं कौतुक घरात जरूर करा, पण पहिल्यांदा निघालेल्या पोरावर ते ओझं नको.

निरोप देताना ‘नाही करमलं तर लगेच न्यायला येतो’ असं कबूल करू नका. मग मूल खेळायचं सोडून तुमचीच वाट बघत बसतं. फोनची वेळ ठरवून घ्या. फोनवर रडलं तर रडू द्या. ‘आठवण येते का?’ विचारण्यापेक्षा ‘आज जेवायला काय होतं? जोडीला कोण असतं?’ असं विचारा. पण कुणी मारतं, नको तिथे हात लावतं, किंवा ताप आहे असं कळलं, तर तडक निघा.

परत आल्यावर दारातच प्रश्न नकोत. गरम पाणी, वरण-भात आणि पोटभर झोप. बोलायचं ते दुसऱ्या दिवशी आपणहून बोलेल.