सरकारी पुरवठादार व्हायचंय? आधी उद्यम प्रमाणपत्र नीट वाचा

रबाळे एमआयडीसीत आमच्या गाळ्यात रबराची गॅस्केट आणि ओ-रिंग बनतात. आजूबाजूचे नवे उद्योजक विचारायला येतात, की सरकारी ऑर्डर मिळवायच्या कशा. मी आधी त्यांचं उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा कागद, मागते. त्यावर मुख्य व्यवसाय उत्पादन आहे की व्यापार, ते बघते. 2021 पासून व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. सरकारी खरेदीतल्या सवलती त्यांना नाहीत. स्वतः माल बनवणाऱ्या कितीतरी जणांच्या कागदावर एजंटने व्यवसायाचा भलताच कोड टाकलेला असतो. तो आजच बदलून घ्या. नोंदणी आणि दुरुस्ती दोन्ही मोफत आहेत. आणि पॅन, जीएसटी, उद्यम, बँक खातं, सगळीकडे फर्मचं नाव अक्षरशः एकच हवं.

मग जेम, म्हणजे केंद्राचं सरकारी खरेदीचं पोर्टल, आणि महाटेंडर्स, म्हणजे राज्याचं निविदांचं पोर्टल, दोन्हीकडे खातं उघडा. महाटेंडर्ससाठी क्लास 3 डिजिटल सही लागते. तिची मुदत संपायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

सवलतींबद्दल मात्र फार गैरसमज आहेत. केंद्राच्या 2012 च्या खरेदी धोरणानुसार केंद्रीय खाती आणि सार्वजनिक उपक्रमांनी वर्षाच्या खरेदीतला किमान 25 टक्के माल सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो. त्यात 3 टक्के महिला उद्योजकांसाठी. निविदेसोबत भरायची अनामत, म्हणजे इसारा रक्कम, माफ असते. सर्वात कमी दर मोठ्या कंपनीचा असेल आणि आपला त्याच्या वर 15 टक्क्यांच्या आत असेल, तर त्या दराला यायची तयारी दाखवून ऑर्डरचा वाटा मिळू शकतो. पण हे धोरण ठाणे किंवा नवी मुंबई महापालिकेला लागू नाही. तिथे निविदेत जे छापलंय तेच खरं. सूट लिहिलेली नसेल तर इसारा रक्कम भरा, नाहीतर तांत्रिक लिफाफ्यातच, म्हणजे दर उघडायच्या आधीच, बाद व्हाल.

निविदेतलं तांत्रिक वर्णन कारखान्यातल्या माणसाने वाचावं, हिशेबनिसाने नव्हे. पाण्याच्या लाइनला ईपीडीएम रबर चालतं, तेलाला नायट्राइल रबर. निविदेत नुसतं 'रबर गॅस्केट' असेल तर अंदाज बांधू नका, निविदापूर्व बैठकीच्या आधी लेखी विचारा. उत्तर शुद्धिपत्रकात येतं आणि पुढे मालाच्या तपासणीत तेच आपल्याला वाचवतं. शेवटच्या दिवसापर्यंत शुद्धिपत्रकं बघत राहा.

पुरवठादारांच्या यादीत टिकणं जास्त कठीण. पहिल्या ऑर्डरला उत्तम माल देऊन तिसऱ्या ऑर्डरला स्वस्त कंपाउंड, म्हणजे रबराचं मिश्रण, वापरणारे मी पाहिलेत, आणि मला त्याचा मनापासून राग येतो, कारण त्यानंतर सगळ्याच लहान गाळ्यांकडे संशयाने बघितलं जातं. प्रत्येक बॅचचा नमुना आणि कडकपणाची नोंद जपून ठेवा, मागितला तर एनएबीएलची मान्यता असलेल्या चाचणी प्रयोगशाळेचा अहवाल जोडा. उशीर होणार असेल तर मुदत संपायच्या आधी मुदतवाढ मागा. जेमवर उशिराच्या मालावर आठवड्याला अर्धा टक्का, जास्तीत जास्त 10 टक्के कापले जातात, आणि वारंवार उशीर झाला तर खातं निलंबितही होऊ शकतं. नोटीस आली तर घाबरून गप्प बसू नका. दिलेल्या मुदतीत पुराव्यासह उत्तर द्या.

पैशांचं म्हणाल तर, माल उतरवताना चलनावर सही, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय टेम्पो हलवू नका. आमचं एक देयक एका कार्यालयात महिनोन्महिने अडकलं होतं, तेव्हा त्या तारखेच्या पोचेवरच सगळं उभं राहिलं. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. पैसे थकले तर एमएसएमई मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर खरेदी आदेश आणि देयक जोडून अर्ज करता येतो. तो थकलेल्या पैशांचे वाद सोडवणाऱ्या सूक्ष्म आणि लघु उद्योग सुविधा परिषदेकडे जातो. मात्र ऑर्डर मिळण्याच्या आधीपासून उद्यम नोंदणी असायला हवी. नंतर काढलेली नोंदणी जुन्या देयकाला कामी येईलच असं नाही.