एम्ब्रॉयडरी मशीनची सुई सारखी तुटतेय? नवी लावण्याआधी तुटकी नीट बघा

शाळा उघडायच्या आधीचा आठवडा, गणवेशाच्या खिशांवर बिल्ले भरायची घाई, आणि ‘कट्’ असा आवाज येऊन मशीन थांबतं. डबीतून नवी सुई काढली, लावली, बटण दाबलं. दहा मिनिटांनी पुन्हा ‘कट्’. तिसऱ्या सुईला मात्र हात आवरा.

आधी मशीन बंद करा आणि सुईचे सगळे तुकडे शोधा. टोक हुकमध्ये (सुईखाली फिरून धागा पकडणाऱ्या भागात) अडकलेलं असेल, तर ते पुढची सुई तर खाईलच, हुकही ओरखडून ठेवेल. त्यासाठी लोहचुंबक जवळ असू द्या. कापडात राहिलेला तुकडा तर पोराच्या छातीवर जाऊन बसायचा, त्यामुळे शोधाशोधीत कंटाळा नको.

मग तुटकी सुई उजेडात धरा. टोक बोथट झालं असेल किंवा वळलं असेल, तर ती फ्रेमवर, प्लेटवर किंवा एखाद्या जाड शिवणीवर आदळली आहे. नेढ्याच्या वर, मागच्या खोलगट भागाजवळ घासल्याची खूण दिसली, तर संशय हुकवर.

आता तीन प्रश्न विचारा. माझ्या मते निम्मं निदान इथेच होतं.

एकाच नंबरची (म्हणजे त्याच जागेवरची) सुई तुटते का? मग दोष त्या सुईत किंवा तिच्या दांड्यात आहे. सुई वरपर्यंत नीट सरकवली नसेल, तर ती खाली जास्त उतरते आणि हुकला लागते. लांब खाच समोर, खोलगट भाग मागे, आणि स्क्रू घट्ट (पण पिळून नव्हे), एवढं तपासा.

एकाच हेडवर (सुयांचा एक संच असलेल्या भागावर) सगळ्या नंबरच्या तुटतात का? मग त्या हेडचं हुक, बॉबिन केस (खालच्या धाग्याची डबी), प्लेट बघा. बॉबिन केस ‘टक्’ आवाज येईपर्यंत बसली आहे ना? प्लेटच्या भोकाच्या कडेवरून नख फिरवा. खरखर लागली, तर सुईच्या आदळण्याने तिथे ओरखडे पडलेत. बारीक पॉलिश पेपरने घासा किंवा प्लेट बदला.

सगळ्या हेडवर, डिझाईनच्या त्याच जागी तुटतात का? मग मशीनला हात लावू नका, डिझाईनमध्ये दोष आहे. नेहमीच्या ४० नंबरच्या धाग्याला दोन ओळींत साधारण ०.४ मिमी अंतर लागतं. त्याहून दाट भरलं, किंवा अक्षरांच्या कोपऱ्यात १ मिमीहून लहान टाके साचले, की तिथे दगडासारखी गाठ होते. पंचिंग करणाऱ्याकडून (डिझाईनची टाक्यांची फाईल बनवणाऱ्याकडून) ते टाके काढून घ्या. मेकॅनिकला बोलावून पैसे घालवण्याआधी हे बघावं, असं मी अनुभवाने सांगतो.

कुठेही, कशीही तुटत असेल, तर कापड आणि फ्रेम बघा. ढिलं ताणलेलं कापड सुईबरोबर वर उचललं जातं आणि सुई वाकते. कापडाखालचा बॅकिंग पेपर जाड घ्या, कापड फ्रेममध्ये सपाट ताणा. फ्रेम बदलली की ‘ट्रेस’ करून (टाके न घालता डिझाईनची बाहेरची हद्द फिरवून) डिझाईन कडेला लागत नाही याची खात्री करा. वरच्या धाग्याचं टेन्शन (ताण) जास्त असेल किंवा धागा कुठे अडकत असेल, तरी सुई खेचली जाते. धागा हाताने ओढून बघा.

सुईचा जाडीचा नंबर कामाप्रमाणे हवा. बहुतेक मशीनला डीबी×के५ जातीची सुई लागते आणि रोजच्या कामाला ७५/११ चालते. ७५ म्हणजे पात्याची जाडी ०.७५ मिमी. तलम कापडाला ६५/९, डेनिम किंवा टोपीला ९०/१४ घ्या. ब्लाऊजवर जरीचा मोर भरायचा असेल, तर मोठ्या नेढ्याची सुई लावा आणि वेग उतरवा. टोपीच्या मधल्या शिवणीवरही मिनिटाला ६०० टाक्यांच्या आसपासच चालवा.

एवढं करूनही तुटत असेल, तर टायमिंग, म्हणजे सुई आणि हुकच्या वेळेचा मेळ. मशीन हाताने फिरवून सुई खालून वर येताना बघा: हुकचं टोक सुईच्या मागून, नेढ्याच्या वरून, न घासता अगदी जवळून जायला हवं. घासत असेल किंवा दूर राहत असेल, तर मॅन्युअलमधला अंश (मशीन फिरवण्याचा कोन) बघून लावा. ते जमत नसेल, तर मात्र मेकॅनिकलाच करू द्या. अंदाजाने फिरवलेलं हुक नंतर जागेवर आणायला दुप्पट वेळ जातो.

दुरुस्तीनंतर रद्दीच्या कापडावर तेच डिझाईन कमी वेगाने चालवा. तुटक्या सुया फेकू नका, वहीत चिकटपट्टीने लावा आणि बाजूला हेड, सुईच्या जागेचा नंबर, डिझाईन लिहून ठेवा.