आयईएलटीएसची तयारी : व्याकरण कुठून सुरू करावं?

आयईएलटीएस ही परदेशी शिकायला, कामाला किंवा स्थायिक व्हायला लागणारी इंग्रजीची परीक्षा. ती द्यायचं ठरलं की पुण्यात पहिला फेरा अप्पा बळवंत चौकात होतो. तिथून व्याकरणाचा एक जाडजूड ग्रंथ घरी येतो, पहिल्या आठवड्यात नाम आणि सर्वनाम संपतं, दुसऱ्या आठवड्यात काळांचा तक्ता भिंतीवर लागतो आणि तिसऱ्यापासून पुस्तकावर धूळ बसते. यात आळसापेक्षा चुकीच्या सुरुवातीचा दोष जास्त आहे. या परीक्षेत व्याकरणाचा वेगळा पेपरच नाही. रिकाम्या जागा भरा, काळ बदला, प्रयोग ओळखा असं कोणी विचारत नाही. तुम्ही लिहिता आणि बोलता त्यातून व्याकरण तपासलं जातं.

दुसरी गोष्ट जास्त दिलासा देणारी आहे. मराठीत विचार करणाऱ्या माणसाच्या इंग्रजी चुका बऱ्याचशा ठरावीक असतात. त्या मराठीच्या वळणातून येतात, म्हणून त्यांची यादी करता येते. सगळं व्याकरण शिकण्यापेक्षा ही यादी संपवणं फार लवकर होतं.

आधी परीक्षा नीट समजून घ्या

आयईएलटीएसचे दोन प्रकार आहेत. विद्यापीठातल्या प्रवेशासाठी बहुतेक वेळा ॲकॅडमिक लागते. परदेशी स्थायिक होण्यासाठी किंवा कामासाठी बऱ्याचदा जनरल ट्रेनिंग चालते. नर्सिंगसारख्या व्यवसायाच्या नोंदणीसाठी मात्र ॲकॅडमिक मागणाऱ्या संस्था आहेत. मैत्रिणीने काय दिलं होतं यावर जाऊ नका. जिथे अर्ज करायचा आहे त्यांच्या संकेतस्थळावर प्रकार आणि लागणारा बँड, म्हणजे गुणांची पातळी, स्वतः वाचा, मगच पैसे भरा.

भाग चार. लिसनिंग साधारण ३० मिनिटं आणि ४० प्रश्न, रीडिंग ६० मिनिटं आणि ४० प्रश्न, रायटिंग ६० मिनिटांत दोन लेखन, आणि स्पीकिंग ११ ते १४ मिनिटं परीक्षकासमोर. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही जागा कोरी सोडायची नाही. निकाल ० ते ९ बँडमध्ये येतो आणि अर्धे बँडही मिळतात.

रायटिंग आणि स्पीकिंगमध्ये प्रत्येकी चार निकष असतात, त्यातला एक व्याकरणाचा, म्हणजे पंचवीस टक्के. सहा आणि सात बँडमधला फरक इथे ध्यानात घेण्यासारखा आहे. सहा बँडवालाही साधी-जोड वाक्यं लिहितो, त्याचं म्हणणंही समजतं, फक्त अधूनमधून चुका होत राहतात. सात बँडवाल्याकडे वाक्यरचनेची विविधता असते आणि त्याची पूर्णपणे बिनचूक वाक्यं वरचेवर येतात. म्हणून साडेसहावर अडकलेल्याने अवघड रचना पाठ करण्याआधी लहान चुका काढाव्यात.

मग एक पान लिहा, कोणाचीही मदत न घेता

घड्याळ लावून ४० मिनिटांत २५० शब्दांचा निबंध लिहा. विषय कुठलाही चालेल. शहरातली खासगी वाहनं कमी करावीत का, हा विषय घ्या, पुणेकराला मुद्दे शोधावे लागणार नाहीत. मोबाइल दूर ठेवा आणि शब्दकोशही उघडू नका. हे पान इंग्रजी चांगलं असलेल्या कोणाकडून तरी तपासून घ्या. शाळेतले जुने सर असतील, नात्यातलं कोणी असेल, क्लासचे शिक्षक असतील. त्यांना दुरुस्त करू नका म्हणावं, फक्त चुकीखाली रेघ मारायला सांगावं. चूक का आहे हे तुम्ही शोधायचं.

मग एका वहीत त्या चुका प्रकारानुसार मांडा. अशी दोन-तीन पानं झाली की तेच चार-पाच प्रकार पुन्हा पुन्हा येताना दिसतील. तो तुमचा अभ्यासक्रम. वहीत नसलेला व्याकरणाचा धडा सध्या वाचायचा नाही.

ठरावीक चुका कोणत्या?

सर्वांत जास्त रेघा आर्टिकलखाली, म्हणजे नामाआधी येणाऱ्या ‘अ’, ‘ॲन’, ‘द’खाली पडतात, कारण मराठीत ती नाहीत. तरी मराठीचाच उपयोग करून घेता येतो. नामाआधी मनातल्या मनात ‘एक’ लावून पाहा. ‘पेठेत एक वाडा होता’ असं सहज म्हणता आलं तर इंग्रजीत ‘अ’ किंवा ‘ॲन’ येणार. पुढच्या वाक्यात ‘तो वाडा पडायला आला होता’ म्हणता येतं, तिथे ‘द’. आणि ‘मला चहा आवडतो’ यात ‘एक’ही बसत नाही, ‘तो’ही बसत नाही, म्हणून नुसतं ‘आय लाइक टी’. ही कसोटी शंभर टक्के चालत नाही. नद्यांना ‘द’ लागतो, ‘द मुठा’, पण सिंहगडाला लागत नाही. असे अपवाद वहीत टिपत जा. निबंधातल्या बहुतेक जागी मात्र ती पुरते.

‘अ’ की ‘ॲन’ हा गोंधळ तर देवनागरीने मिटतो. पुढचा शब्द देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’. युनिव्हर्सिटी ‘य’ने सुरू होते, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. अवर (तास) ‘अ’ने सुरू होतो, म्हणून ‘ॲन अवर’. एमबीएला ‘ॲन’. इंग्रजी माध्यमातल्या मुलांनाही जे पाठ करावं लागतं, ते आपल्याला लिपीमुळे दिसतं.

काळांत तीन ठिकाणी घात होतो. ‘मी २०१९ मध्ये पदवी घेतली आहे’ हे मराठीत अगदी बरोबर. त्यातल्या ‘आहे’मुळे आपण ‘आय हॅव कम्प्लीटेड माय डिग्री इन २०१९’ लिहून जातो आणि ते चुकतं. घटना घडल्याची वेळ सांगितली, मग ते वर्ष असो की कालचा दिवस, की ‘हॅव’ काढून टाकायचा : ‘आय कम्प्लीटेड’. याच्या उलट ‘मी पाच वर्षांपासून पुण्यात राहतो’ इथे मराठीत साधा वर्तमानकाळ आहे, इंग्रजीत तो चालत नाही. ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स’ असं म्हणावं लागतं. ‘पासून’ दिसला की आपण ‘सिन्स’ टाकतो, तेही तपासा. किती काळ हे सांगायचं असेल तर ‘फॉर’, कधीपासून हे सांगायचं असेल तरच ‘सिन्स’. तिसरं म्हणजे ‘मला समजत नाहीये’चं ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’ आणि ‘मला दोन बहिणी आहेत’चं ‘आय ॲम हॅविंग टू सिस्टर्स’. समजणं, माहीत असणं, आवडणं, जवळ असणं अशा क्रियापदांना सहसा ‘आयएनजी’ लावत नाहीत.

दुसऱ्याचं बोलणं सांगताना होणारी चूक जास्त धोक्याची आहे, कारण तिथे अर्थच बदलतो. मराठीत आपण म्हणतो, ‘दादा म्हणाला की मी उद्या येतो.’ येणारा दादाच, यात कोणाला शंका येत नाही. शब्दाला शब्द ठेवून ‘माय ब्रदर सेड दॅट आय विल कम टुमॉरो’ म्हटलं की इंग्रजी ऐकणाऱ्याच्या लेखी तुम्ही येणार आहात. ‘माय ब्रदर सेड ही वुड कम द नेक्स्ट डे’ असं सर्वनाम, काळ आणि दिवस तिन्ही बदलावं लागतं. स्पीकिंगमध्ये आठवण सांगायला लागल्यावर हे हमखास येतं, तेव्हा आईचं, शिक्षकांचं, शेजाऱ्यांचं बोलणं इंग्रजीत सांगण्याचा सराव वेगळा करा.

शब्दयोगी अव्ययांमुळेही असंच होतं. ‘विषयी चर्चा’ मनात असते म्हणून ‘डिस्कस अबाउट’, ‘तिच्याशी लग्न’ म्हणून ‘मॅरीड विथ’, ‘स्टेशनवर पोहोचलो’ म्हणून ‘रीच्ड ॲट द स्टेशन’. बरोबर रूपं अनुक्रमे नुसतं ‘डिस्कस’, ‘मॅरीड टू’ आणि नुसतं ‘रीच्ड द स्टेशन’. यांना नियम शोधत बसू नका, क्रियापद त्याच्या जोडीदारासकट पाठ करा. ‘मला कंटाळा आला’चं ‘आय ॲम बोअरिंग’ करणारेही बरेच आहेत. त्याचा अर्थ मी कंटाळवाणा आहे असा होतो. मुलाखतीत स्वतःबद्दल एवढा प्रांजळपणा नको, ‘बोअर्ड’ म्हणा.

एक चूक मात्र मराठीच्या माथी मारता येणार नाही. ‘तो कुठे राहतो मला माहीत नाही’ यात आपलं क्रियापद जागचं हलत नाही, इंग्रजीतही हलत नाही : ‘आय डोन्ट नो व्हेअर ही लिव्हज’. शाळेत प्रश्नाची रचना घोटून घेतलेली असल्यामुळे आपण मध्ये ‘डज’ घुसडतो.

रायटिंगची तयारी

पहिल्या लेखनाला किमान १५० शब्द, दुसऱ्याला २५०. दुसऱ्याचं वजन पहिल्याच्या दुप्पट आहे. म्हणून वेळ २० आणि ४० मिनिटं असा वाटावा.

ॲकॅडमिकमध्ये पहिलं लेखन आलेख, तक्ता, नकाशा किंवा प्रक्रियेवर असतं, जनरलमध्ये ते पत्र असतं. आलेखात गेलेली वर्षं असतील तर साधा भूतकाळ धरून ठेवा. ‘बाय’ आणि ‘टू’ सांभाळा : आकडा २० वरून ३० झाला तर वाढ ‘बाय १०’, पोहोचला ‘टू ३०’. आणि लांबलेल्या कर्त्यावर लक्ष ठेवा. ‘द नंबर ऑफ टू-व्हीलर्स इन पुणे’ यात दुचाक्या कितीही असल्या तरी कर्ता ‘नंबर’ आहे, म्हणून पुढे ‘हॅज इन्क्रीज्ड’.

निबंधात शेवटची चार-पाच मिनिटं वहीत नोंदलेल्या चुका शोधण्यासाठी राखा. सगळं पुन्हा वाचायचं नाही. एकदा फक्त आर्टिकल पाहायची, एकदा फक्त क्रियापदं. एकाच वाचनात सगळ्या चुका शोधायला गेलं की एकही सापडत नाही.

संगणकावर परीक्षा देणार असाल तर टंकलेखनाचा वेग हवा, आणि तिथे चुकलेल्या स्पेलिंगखाली लाल रेघ येत नाही. ज्यांनी शासकीय टायपिंगची ३० शब्दांची इंग्रजी परीक्षा दिली आहे, त्यांना ते प्रमाणपत्र कुठे उपयोगी पडलं नसेल तर इथे पडेल. शब्दसंख्या पडद्यावर दिसत राहते, ती मोजत बसावी लागत नाही.

बोलायचा सराव टेकडीवर

पेठांमधल्या अभ्यासिका वाचायला उत्तम, पण तिथे तोंड उघडायची सोय नाही. स्पीकिंगसाठी सकाळी वेताळ टेकडी किंवा हनुमान टेकडी गाठा आणि चालता चालता मोठ्याने इंग्रजी बोला. कोणी वळून पाहणार नाही, अर्धे लोक फोनवर बोलतच चालतात.

पहिल्या भागात घर, गाव, काम, आवडी विचारतात. दुसऱ्यात विषय लिहिलेलं एक कार्ड मिळतं, विचार करायला एक मिनिट आणि बोलायला एक ते दोन मिनिटं. तिसऱ्यात त्याच विषयाची जरा व्यापक चर्चा. सरावाला रोज एक कार्ड घ्या, मोबाइलवर दोन मिनिटं रेकॉर्ड करा आणि घरी आल्यावर त्यातली पाच वाक्यं जशी बोललात तशीच वहीत उतरवा. लिहिलं की चूक दिसते, नुसतं ऐकताना ती निसटते.

पाठ केलेली उत्तरं परीक्षकाला लगेच कळतात आणि तो विषय बदलतो. उच्चारांचाही धसका नको. इंग्लंडमधल्यासारखं बोलण्याला गुण नाहीत, समजेल असं बोलण्याला आहेत. फक्त शब्दातला आघात कुठे येतो ते ऐकून घ्या आणि ‘वेस्ट’ व ‘व्हेस्ट’ ऐकणाऱ्याला वेगळे लागताहेत ना, तेवढं पाहा.

लिसनिंग आणि रीडिंग

यांना सरावच लागतो, सल्ले कमी. लिसनिंग एकदाच ऐकवतात. स्पेलिंग चुकलं, शेवटचा ‘एस’ राहिला किंवा ‘दोनच शब्द’ सांगितले असताना तीन लिहिले, तर ऐकलेलं बरोबर असूनही उत्तर चूक. रिकाम्या जागेच्या आधी-मागे पाहून तिथे नाम हवं की क्रियापद, एकवचन की अनेकवचन, हे ऐकण्याआधी ठरवता आलं पाहिजे. रीडिंगमध्ये दिलेलं विधान उताऱ्यानुसार ‘ट्रू’, ‘फॉल्स’ की ‘नॉट गिव्हन’ (उताऱ्यात माहितीच नाही) हे ठरवायचं असतं, त्यात ‘नॉट गिव्हन’ सतावतो. उताऱ्यात उलट विधान सापडलं तरच ‘फॉल्स’. तुमच्या सामान्यज्ञानाला ते खोटं वाटणं इथे ग्राह्य नाही.

क्लास लावावा का?

एफसी रोडपासून कोथरूडपर्यंत क्लासच्या पाट्यांना तोटा नाही. लावायचा असेल तर एकच प्रश्न विचारा : आठवड्याला माझे किती निबंध तपासून मिळतील आणि कोण तपासणार? उत्तर गोलगोल आलं तर फी भरू नका. छापील नोट्स आणि व्हिडिओ तुम्हाला फुकटही मिळतील, तपासून देणारा माणूस मिळत नाही.

नोंदणी आणि निकाल

नोंदणीत जो पासपोर्ट दिला असेल तोच मूळ पासपोर्ट परीक्षेला न्या. त्याची मुदत आधीच पाहून ठेवा, नूतनीकरणात तारीख हुकायला नको. निकाल दोन वर्षं चालतो, तेव्हा अर्ज कधी करणार त्याचा हिशेब धरून तारीख घ्या.

एकूण बँड चारही भागांच्या सरासरीने ठरतो. ७, ६.५, ५.५ आणि ६ मिळाले तर सरासरी ६.२५ येते आणि ती वर सरकून ६.५ धरली जाते. यावर खूश होण्याआधी संस्थेची अट पुन्हा वाचा. पुष्कळ ठिकाणी प्रत्येक भागात किमान ६ मागतात, मग रायटिंगचे ५.५ आडवे येतात. संगणकावर परीक्षा दिली असेल तर ६० दिवसांच्या आत एकच भाग पुन्हा देण्याची सोय आहे, पण असा निकाल सगळ्याच संस्था स्वीकारत नाहीत. पैसे भरण्याआधी त्यांना ईमेल करून विचारा, आणि तो ईमेल पाठवण्यापूर्वी त्यातली आर्टिकल तपासा.